लेहच्या वाटेवर मोबाईल होल्डर कसा हवा?

मनालीहून लेहला बाइकने जाताना सरचूनंतर गाटा लूप्सची 21 वळणं लागतात. वाटेत कुठे खडबडीत रस्ता, कुठे रस्त्यावरून वाहणारा नाला. अशा ठिकाणी एका हाताने मोबाईल धरून नकाशा बघणं म्हणजे जिवाशी खेळ!

हँडलवर स्क्रूने आवळता येणारा धातूचा क्लॅम्प आणि मोबाईलचे चारही कोपरे धरणारी पकड निवडा. कंपनं शोषणारा डॅम्परही घ्या. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलनेच 2021 मध्ये सांगितलं होतं.

नेटवर्क बराच वेळ नसतं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा. मोबाईलला दोरीही बांधा. तो दरीत गेला, तर वाट कोण दाखवणार आणि घरी खुशाली कशी कळवणार?