बेटावर पोचायला दोन दिवस लागतात

"रत्नागिरीत राहून समुद्र बघायला अंदमानला? अहो, दारातला समुद्र काय आटला की काय?"

भाऊबीज आटोपून आम्ही निघालो, तेव्हा हा प्रश्न मला निदान दहाजणींनी विचारला. तुमच्याही मनात आला असेल. खरं सांगू का मैत्रिणींनो, दारातला समुद्र हा पाहुण्यांचा असतो. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी येतात, भाट्याला नि गणपतीपुळ्याला पाय ओले करतात. आपण घरी आमरस काढत, सोलकढी गाळत, आंब्याची साठं वाळवत असतो. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. म्हणजे शाळेत अर्धा वेळ नि घरी पूर्ण वेळ!

सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गो तू. घराचं मी बघते. मला कधी कुणी जा म्हटलं नाही." त्या लग्न झाल्यावर मुंबईहून बोटीने इथे उतरल्या, त्याला पन्नास वर्षं झाली. त्यांचं ते शेवटचं वाक्य मी बरोबरच घेऊन गेले.

चेन्नईहून विमानाला दोन तासांहून थोडं अधिक लागतं. खाली तेराशे किलोमीटरहून अधिक नुसतं पाणी, नि मग एकाएकी हिरवीगार बेटं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिथून बोटीने स्वराज द्वीपला गेलो. हेच पूर्वीचं हॅवलॉक. त्याचं नाव २०१८ मध्ये बदललं. बोट लागण्याची भीती असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा आणि ओळखपत्र वरच्या पिशवीतच असू द्या.

पहिल्या संध्याकाळी गंमत झाली. पाच वाजायच्या आत सूर्य मावळला! ह्यांनी घड्याळ हलवून पाहिलं. घड्याळ ठीक होतं. ही बेटं आपल्यापासून इतकी पूर्वेला, पण वेळ मात्र साऱ्या देशाची एकच. त्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास पुढे असतो. पहाटे सव्वापाचला लख्ख उजाडलं. सवयीने मी उठलेच. चहाचं आधण ठेवायला हात शिवशिवत होते, पण तिथे ना ओटा, ना शेगडी. अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी किनाऱ्यावर जाऊन बसले.

आमची उतरायची जागा बेटाच्या पूर्वेला होती. आपला सूर्य समुद्रात बुडतो, तिथे तो समुद्रातून वर आला. इतकी वर्षं समुद्राकाठी राहून हे मी पहिल्यांदा पाहिलं. पण मन कुठे होतं? सासूबाईंनी गोळी घेतली असेल का, दूधवाल्याला सांगितलंय ना, याच विचारात!

त्यात मुलं. "आई, माझा टॉवेल?" "आई, भूक लागली." दुसऱ्या दिवशी ह्यांनी सहज मोजायला घेतलं, तर दुपारपर्यंत मला एकोणीस प्रश्न विचारले गेले होते. त्यातले चार ह्यांचे स्वतःचेच! ते जरा वेळ गप्प बसले. मग मुलांना म्हणाले, "उद्यापासून आईला नाही, मला विचारायचं." तिसऱ्या दिवशी मी सात वाजेपर्यंत झोपले. कोण जेवलं, कोण नाही, विचारलं नाही. आपण बेटावर आलोय, हे त्या दिवशी मला कळलं. म्हणून सांगते, चार दिवस जाणार असाल तर पहिले दोन दिवस प्रेक्षणीय स्थळांनी भरू नका. शरीर विमानाने येतं, मन मागून चालत येतं. आणि प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नका. तिथे त्याला बंदी आहे.

परतताना सेल्युलर जेल पाहिला. एके काळी इथे जवळजवळ सातशे कोठड्या होत्या. सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं. १९२१ मध्ये इथून हलवलं आणि १९२४ ते १९३७ ते आपल्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. कैद्यांना कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो, खोबरेल काढायला लावत. घरी खोबरेल काढणाऱ्या कोकणातल्या बाईला हा आकडा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. त्याच पाण्याकडे आपण विश्रांती म्हणून बघतो आहोत, या विचाराने बाहेर आल्यावर कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, "सूर्य खरंच समुद्रातनं वर येतो?" मी फोटो दाखवला. त्या बराच वेळ तो बघत राहिल्या.

एवढ्या लांब जाणं प्रत्येकीला परवडेल असं नाही. आम्हालाही पुन्हा कधी जमेल कोण जाणे. पण आता बुधवारी संध्याकाळी पाच ते सात मी आणि सासूबाई भाट्याच्या किनाऱ्यावर असतो. घरी खिचडी हे टाकतात, टॉवेल मुलं शोधतात. पहिल्या बुधवारी सासूबाई दोनदा उठल्या, "कुकर लावला असेल ना?" म्हणून. मी म्हटलं, "बसा हो. पोचायला दोन दिवस लागतात."