भिंतीवरील विमान

घराची भिंत कोरी ठेवणें आपल्या लोकांस फारसें मानवत नाहीं. जुन्या वाड्यांच्या ओटीवर रविवर्म्याच्या छापखान्यांतील लक्ष्मी व सरस्वती असत. कालांतरानें त्यांच्या शेजारीं घरांतील वडीलधाऱ्यांचे फेटेवाले फोटो येऊन बसले. अलीकडे शहरांतील दिवाणखान्यांत एक निराळीच हौस दिसूं लागली आहे. जुनीं, धुरकट छायाचित्रें मोठीं करून कॅनव्हासवर छापावयाचीं व कोचाच्या वर टांगावयाचीं. त्यांत आगगाड्यांचीं इंजिनें असतात, गलबतें असतात, आणि पहिल्या महायुद्धांतील दुपंखी लष्करी विमानेंही असतात.

आमच्या घरीं असें एक चित्र गेल्या वर्षीं आलें. गवताच्या मैदानावर उभें असलेलें ‘सॉपविथ कॅमल’ जातीचें ब्रिटिश विमान. एकावर एक दोन पंख, त्यांच्यामध्यें लांकडी खांब व तारांचें जाळें, तोंडाशीं लांकडी पंखा. त्याच्या दोन मशीनगनांच्या मागील भागावर पत्र्याचें आच्छादन असे. तो उंचवटा उंटाच्या वशिंडासारखा दिसे, म्हणून हें नांव पडलें. १९१७ सालीं हें विमान युद्धांत उतरलें. त्याचें इंजिन मोठें विलक्षण! पंख्याबरोबर संपूर्ण इंजिनच गरगर फिरे, व त्यामुळें विमान उजवीकडे अतिशय झटकन् वळे. शत्रूस चकविण्यास तें सोयीचें होतें. परंतु नवशिक्यास तेंच घातक ठरे, आणि शिकतां शिकतांच कितीएक तरुण प्राणास मुकले. इंजिनास वंगण म्हणून एरंडेल वापरीत. तें उडून वैमानिकाच्या तोंडावर येई व पोटांतही जाई. त्याचा परिणाम आमच्या बालवाचकांस सांगावयास नकोच.

चित्र टांगण्यापूर्वीं आम्हीं त्याची पाठ पाहिली, आणि समोरच्या बाजूपेक्षां तीच आम्हांस अधिक मौजेची वाटली. लांकडाची चौकट, तिच्यावर ताणलेलें कापड, मागें ठोकलेले बारीक आंकडे. प्रत्यक्ष विमानही असेंच होतें. ॲश व स्प्रूस जातींच्या लांकडाचा सांगाडा करून त्यावर लिननचें कापड चढवीत व वरून ‘डोप’ नांवाचें रोगण लावीत. तें वाळतांना कापड आक्रसून मृदंगाच्या पुडीसारखें ताठ होई. एवढ्या कापडाच्या भरंवशावर माणसें दहा-पंधरा हजार फुटांवर लढत. रोगण पेटण्यास फार सोपें. आणि ब्रिटिश वैमानिकांस त्या युद्धांत हवाई छत्री देण्यांत येत नसे.

कांहीं दुकानांत अशीं चित्रें रंगवूनही मिळतात. तेथें जरा जपावें. त्या काळच्या पुष्कळशा छायाचित्रांत तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे व निळा फिकट. ब्रिटिश विमानावरील वर्तुळाचें केंद्र तांबडें व बाहेरचें कडें निळें. छायाचित्रांत पाहावें तों केंद्र काळसर आणि कडें फिकें. त्यावरून कोणी अंदाजानें रंग भरले, तर ते भलतेच व्हावयाचे.

आमची तक्रार मात्र निराळी होती. चित्राच्या डाव्या कडेस, पंखाच्या टोकाशीं, चार बोटें दिसत होतीं. बोटें आहेत, माणूस नाहीं! कापडाची कडा चौकटीवरून मागें दुमडतात, तिच्यांत तो गेला होता. मूळ छायाचित्र मिळवून पाहिलें तों तेथें एक यांत्रिक पंख धरून उभा. अंगांत पातळ सदरा, टोपी तिरपी झालेली. दुकानदारास लिहिलें असतां, ‘विमान पुरें आलें आहे ना?’ असें उत्तर आलें. विमान पुरें आलें होतें, हें खरें.

आमच्या दहा वर्षांच्या पुतणीनें विचारलें, “काका, ह्यांत आपल्यांतलें कोणी बसलें होतें का हो?” आम्हीं तिला दोन नांवें सांगितलीं. हरदित सिंग मलिक हे कॅमल विमानच चालवीत. १९१७ सालीं लढतांना ते जखमी झाले, पण वांचले, व १९८५ सालीं वृद्धापकाळीं वारले. दुसरे कलकत्त्याचे इंद्रलाल राय. त्यांचें विमान ‘एस. ई. ५ ए’, तेंही दुपंखी. १९१८ च्या जुलैंत, ६ पासून १९ तारखेपर्यंत, त्यांच्या नांवावर १० विजय लागले. २२ तारखेस त्यांचें विमान पेटून कोसळलें. वय १९. फ्रान्समधील एस्तव्हेल गांवीं त्यांची कबर आहे.

“म्हणजे दादाएवढे,” ती म्हणाली. तिचा दादा यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत आहे.

त्या दिवशीं घरांत थोडा वाद झाला. जें यंत्र माणसें मारी तें शोभेकरितां कशास टांगावें, असें आमच्या मातोश्रींचें म्हणणें. त्यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? तथापि आमच्या मतें चित्र काढून टाकल्यानें एकोणीस वर्षांचा तो मुलगाही दृष्टीआड होतो. टांगावें, पण त्यांत माणसें असावींत.

शेवटीं आम्हीं दुसरें चित्र करविलें. चारी बाजूंस दोन-दोन इंच अधिक ठेवण्यास बजावलें, म्हणजे दुमडींत जाईल तें केवळ आकाश व गवत. कापड रुंद झाल्यामुळें तें दिवाणखान्यांत मावेना. आतां तें जिन्यावर आहे. मातोश्री वर जातांना तेथें विसाव्यास थांबतात. परवां त्या यांत्रिकाकडे पाहून म्हणाल्या, “ह्याला थंडी वाजत असेल रे.”