कॅसेटची दुसरी बाजू

संगीत ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सध्या काय ऐकताय?’ हा प्रश्न क्षेमकुशल विचारल्याइतक्या सहजपणे येतो, मात्र त्याचे उत्तर तितक्या सहजपणे देता येत नाही. ‘आवडता गायक कोण?’ असे विचारले तर माणूस आपल्या प्रतिष्ठेला शोभेल असे नाव सांगून मोकळा होऊ शकतो; पण ‘सध्या’ हा शब्द ती पळवाट बुजवून टाकतो, आणि ‘आठवडाभर मारवाच लावून बसलो आहे’ असे म्हणणारा आपल्या संध्याकाळी कशा जात आहेत याची अर्धी कबुली नकळत देऊन जातो. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात, जिथे वसाहती उभ्या राहिल्या तरी खेडे नावातून गेलेले नाही, विभागीय क्रीडा संकुलात सकाळी फेऱ्या घालणाऱ्यांचे बोलणे रक्तातील साखर आणि नळाला पाणी येण्याचा दिवस हे दोन विषय आटोपून कधी गाण्याकडे वळलेच, तर ते याच प्रश्नाच्या वाटेने वळते.

मराठीत रेकॉर्ड ‘लावतात’, जसा दिवा लावतात, झाड लावतात आणि वेडही लावतात. तसेच ‘नाद’ या एकाच शब्दात ध्वनीही आहे आणि सहजी न सुटणारी सवयही आहे. त्यामुळे एका रसिकाने दुसऱ्याला काही ऐकवणे म्हणजे त्याला नाद लावणे, हे भाषेनेच ठरवून ठेवलेले आहे, आणि असा नाद लावणाऱ्यावर थोडी जबाबदारीही येते. कारण सुचवलेले गाणे समोरच्याला रुचले नाही तर नापसंती गायकापेक्षा सुचवणाऱ्याच्या वाट्याला अधिक येते.

‘आल्बम’ या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम लग्नाचे फोटो येतात, आणि संगीतातील अर्थही तिथून फार दूरचा नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागावी लागे आणि त्या तबकड्या कागदी पाकिटांच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, फोटोंसारख्याच, बांधून विकल्या जात. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली; तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली, वहीची गरज उरली नाही, पण नाव मात्र टिकले. आल्बम म्हणजे केवळ गाण्यांचा संच नव्हे, तर कोणत्या गाण्यानंतर कोणते यावे याविषयी कोणीतरी घेतलेला निर्णय होय. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६०च्या दशकातील आल्बम काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस सकाळच्या अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत उलगडतो. त्यातला एखादा तुकडा सुटा ऐकला तर वादन कळते, पण दिवस कळत नाही.

उस्ताद अमीर खाँ यांच्या एका गाजलेल्या एलपीच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. त्यात पंचम नाही आणि षड्ज, म्हणजे ज्याच्या आधारावर सारे स्वर उभे असतात तो पहिला स्वर, बराच काळ टाळला जातो, त्यामुळे ऐकणारा उंबऱ्याशी येऊनही घरात न शिरलेल्या माणसासारखा ताटकळत राहतो. दरबारी ही मध्यरात्रीची. बाजू संपल्यावर सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत खरखरत फिरत राहते, ऐकणाऱ्याला उठून ती उचलावी लागते, तबकडी उलटावी लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटात सांजेची रात्र होते.

हे सारे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची साधने मात्र बदलत गेली. तेव्हाच्या औरंगाबादेत निजामी राजवटीतच नभोवाणी केंद्र होते आणि १९५० मध्ये ते हैदराबाद, म्हैसूर व त्रिवेंद्रम येथील संस्थानी केंद्रांबरोबर भारत सरकारच्या नभोवाणीत सामील झाले. पुढे मराठी घरांत ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांची सवय रुळली; त्यात गाण्याइतकेच महत्त्व ते ऐकू इच्छिणाऱ्यांच्या नावांच्या यादीला असे, कारण पोस्टकार्ड पाठवणाऱ्याला ते गाणे पाठ असले तरी आपल्याला ते आवडते हे साऱ्या गावाने ऐकावे, अशी त्याची इच्छा असे.

कॅसेटने ही देवघेव हातात आणून दिली. कॅसेट ‘भरून देणे’ हा त्या काळचा शब्दप्रयोग धान्याची पायली भरण्याइतका घरगुती होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे असत, म्हणजे एक सबंध एलपी एकाच बाजूत मावत असे आणि दुसरी बाजू मोकळी राही. मागणाऱ्याने मागितलेले पहिल्या बाजूला भरून झाले की देणारा दुसऱ्या बाजूला त्याने न मागितलेले काहीतरी भरी. मग आतल्या कार्डावर बारीक अक्षरात राग, ताल आणि गायकाचे नाव लिही, जागा पुरली नाही तर कडेने आडवे लिही, आणि चुकून पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे इवलेसे दोन तुकडे मोडून टाकी. पहिली बाजू ही मागणीची पूर्तता असे. दुसऱ्या बाजूवर देणाऱ्याचा स्वभाव भरलेला असे, आणि पुष्कळांना आयुष्यभर पुरलेले गाणे त्या न मागितलेल्या बाजूवरच सापडले.

आता सूतगिरणी चौकातल्या सिग्नलवर थांबल्या थांबल्याही फोनवर सगळा आल्बम पाठवता येतो. भरायला वेळ लागत नाही, आणि म्हणूनच तो ऐकला जाईल याची खात्रीही राहत नाही. पूर्वी पंचेचाळीस मिनिटांचे गाणे भरून द्यायला देणाऱ्याची पंचेचाळीस मिनिटे खर्च होत आणि घेणाऱ्याला त्या वेळेचे ऋण जाणवे. पाठवलेल्या दुव्याला दुसरी बाजू नसते. ती आता त्याखाली लिहिलेल्या ओळीत शोधावी लागते: ‘सध्या हेच चालू आहे, रात्री जेवण झाल्यावर सलग ऐका, मध्ये थांबवू नका.’ त्या आज्ञार्थात सांगणाऱ्याचा वेळ असतो, त्याची रात्र असते. आणि दुसऱ्या दिवशी संकुलातल्या फेरीत ‘ऐकलंत का?’ असे तो विचारतो, तेव्हा चौकशी गाण्याची असली तरी आपली दुसरी बाजू कोणी लावून पाहिली की नाही, हेच त्याला जाणून घ्यायचे असते.