आघात वजा केलेला नाद

'पोस्ट-रॉक' ही संज्ञा सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये रूढ केली. 'उत्तर' हा उपसर्ग लागलेल्या संज्ञांचा आपल्या मराठी विभागांत गेल्या काही दशकांत इतका सुकाळ झाला आहे, की अशी आणखी एक संज्ञा समोर आली की प्राध्यापक मंडळी आधी सावध होतात. या संज्ञेचा आशय मात्र पुष्कळच हाताला लागणारा आहे. रॉकची वाद्ये घ्यायची, पण रॉकच्या नेहमीच्या कामासाठी वापरायची नाहीत. गिटारवर ठाशीव, चटकन लक्षात राहणारे सुरांचे तुकडे वाजवण्याऐवजी तिच्यातून नादाचा पोत आणि रंग निर्माण करायचा, असा तिचा थोडक्यात अर्थ. म्हणजे मुद्दा विचारसरणीचा कमी आणि वाद्याशी कसे वागायचे याचा अधिक आहे. एका गिटारवादकाचे आपल्या वाद्याशी असलेले असे वागणे मला येथे न्याहाळायचे आहे. त्यामागे माझे एक खासगी कारणही आहे. ते ओघात येईलच.

हा वादक म्हणजे आइसलंडच्या 'सिगुर रोस' या वाद्यवृंदाचा गायक-गिटारवादक योन थोर बिर्गिसन. सारे जग त्याला योन्सी म्हणते. वृंदाची स्थापना १९९४ मध्ये रेकयाविक येथे झाली. 'वोन' हा पहिला संग्रह १९९७ चा. १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या संग्रहाने त्यांचे नाव आइसलंडबाहेर पोहोचवले; त्याच्या आइसलंडिक शीर्षकाचा अर्थ 'एक चांगली सुरुवात' असा होतो. ज्या वादकाने नादाची सुरुवातच पुसून टाकण्याचे तंत्र घडवले, त्याच्या संग्रहाचे हे नाव असावे हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

योन्सीची सामग्री पाहू गेल्यास फार नाही. आयबानेझ कंपनीची, लेस पॉल धाटणीची एक इलेक्ट्रिक गिटार. स्वर खरखरीत आणि दाट करणारे डिस्टॉर्शन. नाद लांबवत नेणारा रिव्हर्ब. आणि चेलोचा गज. यातील गज हीच मूळ गोष्ट. इलेक्ट्रिक गिटारवर गज फिरवणारा तो पहिला नव्हे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'द क्रिएशन'च्या एडी फिलिप्सने आणि त्यानंतर जिमी पेजने व्हायोलिनच्या गजाने गिटार वाजवली होती. मात्र त्यांच्याकडे गज हा एखाद्या गाण्यातला चमकदार प्रसंग होता. योन्सीने त्याला रोजची भाषा केले.

गजाने नेमके काय बदलते, हे मला आमच्या एम.ए.च्या वर्गातल्या, स्वतः गिटार वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याने दाखवले. त्याने व्हायोलिनचा एक जुना गज मिळवला, त्याला भरपूर राळ लावली आणि रिकाम्या वर्गात आपली गिटार छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. तार बोटाने किंवा नखीने छेडली, की नाद एका झटक्यात जन्मतो आणि त्याच क्षणापासून मरू लागतो. गजाचे तसे नाही. राळेमुळे गजाचे केस तारेला धरून ओढतात, ताण वाढला की तार सुटते, पुन्हा पकडली जाते; आणि हे दर सेकंदाला शेकडो वेळा घडते. तारेला ऊर्जा मिळत राहते, म्हणून गज फिरतो आहे तोवर नाद विझत नाही. त्याला जन्मक्षणही ठळक राहत नाही. हात हलका असेल तर तो केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या त्राग्यातून कळली. त्याला मधली एकच तार वाजवायची होती आणि ते काही केल्या जमेना. चेलोच्या तारा एका चांगल्या कमानदार घोडीवरून जातात. त्यामुळे गज तिरपा करून हवी ती एकच तार निवडता येते. गिटारच्या तारा जवळजवळ एकाच पातळीत असतात. गज ठेवला की तो दोन-तीन तारांना एकदम भिडतो. त्यामुळे गजाने वाजणाऱ्या गिटारवर चपळ सुरावट काढणे फार अवघड. स्वरांचा एक जुडगा धरून ठेवायचा आणि सावकाश दुसऱ्या जुडग्याकडे सरकायचे, हेच तिला मानवते. वाद्याच्या या अडचणीवर योन्सीने मात केली असे मी म्हणणार नाही. त्याने ती अडचणच आपली शैली म्हणून पत्करली. छंदाच्या बंधनातून ओळीला वळण मिळते, हे शिकवणाऱ्यांना यात अपरिचित काही वाटू नये.

आता रिव्हर्ब. त्याचा आणि डिलेचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. डिले म्हणजे प्रतिध्वनी: मूळ ध्वनी काही अंतराने, ओळखू येईल असा परत येतो. रिव्हर्ब म्हणजे अनुरणन: असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून ध्वनीची एक लांब शेपटी तयार होते. चांगल्या संगीतगृहात ती साधारण दोन सेकंद टिकते. यंत्राने ती कितीही लांबवता येते. समजा वादकाने पहिला स्वरसमूह सोडून दुसरा धरला. पहिल्याची शेपटी अजून हवेतच असते. म्हणजे एकच वाद्य आपल्याच नुकत्याच सरलेल्या भूतकाळासह वाजू लागते. थरांचे संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वीस-पंचवीस वाद्यांची चवड येते. येथे थर काळाचे आहेत. त्यांच्या वर योन्सीचा उंच, कृत्रिम पट्टीतला गळा. खाली गेओर्ग होल्मचा बेस. मध्ये ऑर्गन, पियानो आणि 'अमिना' या चमूची तंतुवाद्ये. काही मैफलींत योन्सी गिटार तोंडाशी धरून तिच्या पिकअपमध्येच गातो. मग गळाही गिटारच्याच वाटेने, त्याच डिस्टॉर्शन-रिव्हर्बमधून बाहेर पडतो, आणि गळा कोणता व तार कोणती हा प्रश्न मिटतो.

तो का मिटतो, याचे उत्तर १९४८ मधल्या एका प्रयोगात आहे. पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने घंटेच्या नादाचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यातून टोला पडण्याचा क्षण वगळला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. तो फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा वाटू लागला. वाद्य ओळखण्याची पुष्कळशी खूण आघाताच्या त्या पहिल्या, सेकंदाच्या अगदी लहान अंशात असते. आघात काढून घेतला की नादाचे कूळ हरवते. कूळ हरवलेले नाद एकमेकांत सहज मिसळतात. योन्सीच्या थरांचे रहस्य भर घालण्यात नाही, या वजाबाकीत आहे.

माझे खासगी कारण येथे सांगायला हवे. २०२१ च्या पावसाळ्यात माझ्या डाव्या कानाची श्रवणशक्ती दोन दिवसांत गेली. औषधोपचार झाले, ती परतली नाही. एक कान शाबूत असताना एवढे काय बिघडले, असे अनेकांना वाटते. मलाही आधी तसेच वाटले होते. पण दोन कान हे एकाच कामासाठी दोन नोकर ठेवल्यासारखे नसतात. ध्वनी एका कानाला दुसऱ्याहून किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी असतो आणि त्यावरून मेंदू ध्वनीची दिशा ठरवतो. गजबजाटातून एकाच व्यक्तीचे बोलणे निवडण्यालाही त्याचा मोठा आधार असतो. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये या निवडीच्या कोड्यावर मूलभूत काम केले. माझ्यापुरते सांगायचे तर मला अजूनही सारे ऐकू येते. फक्त ते वेगळे होत नाही. स्टाफरूममध्ये चौघे बोलत असले की चौघांचे बोलणे एकाच घागरीत ओतल्यासारखे होते.

साहित्याच्या अध्यापकाला शब्द निसटणे परवडत नाही. डावीकडच्या बाकावरून आलेली शंका मला कळेना, ती कोणी विचारली तेही कळेना. हळूहळू मी चर्चेचे तास सहकाऱ्यांकडे देऊन केवळ व्याख्याने घेऊ लागले. व्याख्यानात बोलायचे असते. ऐकावे लागत नाही. पण ज्या वर्गात मला ऐकावे लागत नाही, तेथे मी शिकवते आहे असे म्हणता येईल का, हा प्रश्न रात्री छळू लागला. संगीत ऐकणे तर सोडलेच होते. हेडफोनमधले अर्धे संगीत माझ्यापर्यंत येतच नसे. त्याच विद्यार्थ्याने मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचे ध्वनी एकत्र करण्याची सोय असते ते दाखवले आणि ऐकायला म्हणून 'सिगुर रोस'चा तिसरा संग्रह दिला.

२००२ चा हा संग्रह नावाविना आहे. मुखपृष्ठावर फक्त कंसांची एक जोडी. आठ रचना, त्यांनाही शीर्षके नाहीत. सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी. ऐकणाऱ्याने आपले शब्द लिहावेत, ही अपेक्षा. योन्सी त्यात 'वोनलेन्स्का' गातो. ही भाषा नव्हे. तिला व्याकरण नाही, शब्दकोश नाही. आइसलंडिक उच्चारांच्या वळणाची मोजकीच अक्षरे सुरावटीच्या गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा येतात. तराण्याला सरावलेल्या आपल्या कानांना यात नवल वाटू नये. पण माझी गोष्ट निराळी होती. महिन्यामहिन्यांनंतर मी असे काही ऐकत होते, ज्यात माझ्याकडून एकही शब्द निसटत नव्हता; निसटण्याजोगा शब्दच तेथे नव्हता. थर वेगळे करण्याची सक्तीही नव्हती. ते वेगळे होऊ नयेत म्हणूनच तर एवढी खटपट केलेली होती.

या ठिकाणी मला आनंदवर्धन आठवला, आणि तो केवळ सवयीने आठवला असे नाही. 'ध्वन्यालोका'त घंटेच्या अनुरणनाचा दृष्टान्त आहे. टोला म्हणजे वाच्यार्थ, मागून दरवळत राहणारा नाद म्हणजे व्यंग्यार्थ. जेथे हा क्रम जाणवतो ते संलक्ष्यक्रम. रसाच्या ठिकाणी तो जाणवत नाही, म्हणून ते असंलक्ष्यक्रम. हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. टोल्याशिवाय अनुरणन संभवते का, हा प्रश्न मात्र वर्गात कधी निघाला नव्हता. प्रकाश हवा असणारा माणूस दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तशी व्यंग्यार्थासाठी वाच्यार्थाची गरज आहे, असे आनंदवर्धन सांगतो. पण तिसऱ्या उद्योतात तोच हेही मान्य करतो, की गीतातल्या ज्या नादांना वाचकशक्ती नाही, त्यांच्यापासूनही रसाची प्रतीती होते. नवव्या शतकातल्या या मान्यतेत शेफरच्या कापलेल्या घंटेला आणि योन्सीच्या गजाला पुरेशी जागा आहे.

तरीही कोऱ्या पानांच्या मोकळेपणावर मी फार भिस्त ठेवणार नाही. वर्गातल्या पंधरा विद्यार्थ्यांना मी या संग्रहातली पहिली रचना ऐकवली आणि कोरा कागद दिला. बहुतेकांनी दृश्ये लिहिली. दोघींनी बर्फ लिहिला. नंतर त्यांतलीच एक म्हणाली, "मॅडम, हे आइसलंडचे आहे असे तुम्ही आधी सांगितले नसते, तर बर्फ आला असता का?" शब्द काढून घेतले तरी संदर्भ मागच्या दाराने आत येतातच. एकाने कागद कोराच परत दिला. त्याचे कारण मी विचारले नाही.

तो चर्चेचा तास होता. माझी खुर्ची आता वर्गाच्या डाव्या टोकाला असते, म्हणजे सगळे माझ्या उजव्या हाताला येतात; एका वेळी एकाने बोलायचे असते, आणि बोलण्यापूर्वी हात वर करायचा असतो. संगीताने माझा कान दुरुस्त केला नाही. ऐकणे दोन प्रकारचे असते, एक निवडणारे आणि एक न निवडणारे, एवढे त्याने वेगळे करून दाखवले. पहिल्यासाठी मला व्यवस्था लावावी लागते. दुसऱ्यात मी कोणाहून उणी नाही.

त्या संग्रहाचे दोन भाग आहेत, चार-चार रचनांचे, आणि त्यांच्या मध्ये ३६ सेकंदांची शांतता ठेवलेली आहे. ती माझ्यापर्यंत शांतता म्हणून पोहोचत नाही. गेलेल्या कानात एक बारीक, अखंड नाद तेव्हापासून वस्तीला आहे. रचना थांबली की तो वर येतो. तो केव्हा सुरू होतो ते मला कधीच पकडता आलेले नाही. पाचवी रचना सुरू झाली की तो तिच्या खाली जातो.