गालिच्याखालचा पत्रा

जुनी गाडी नव्यासारखी करायची ठरलं की आपल्या कोल्हापुरात पहिली आठवण पेंटरची होते. बहुधा दसरा तोंडावर आलेला असतो, खंडेनवमीला गाडीची पूजा असते. त्यामुळे रबिंग पॉलिश, नवी सीट कव्हरं आणि फूटमॅट एवढ्यावर काम झालं असं मानलं जातं. मला हा क्रम चुकीचा वाटतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी घरच्या माणसांनी ती घरीच, आतून आणि बुडापासून स्वच्छ करावी. ही सफाई हीच त्या गाडीची सगळ्यात कसून केलेली तपासणी असते आणि कशावर किती खर्च करायचा याचा निर्णय तिच्यानंतरच घेता येतो. ही गोष्ट आपल्या शहराला वेगळी शिकवावी लागू नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यातून निघालेलं कास्टिंग आधी वाळू झाडून, शॉट ब्लास्टिंग करून साफ होतं आणि मगच तपासणीला जातं. वाळूचा थर असेपर्यंत ब्लो होल दिसत नाही. देशभरातल्या गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या गावाने घरच्या गाडीला मात्र चिखलावरूनच पॉलिश मारावं, हे मला पटत नाही.

गाडी सडते ती नजरेआड. मारुती ८०० घ्या. १९८३ पासून २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी आजही आपल्याकडे अनेक दारांत उभी आहे. तिच्या पुढच्या सीट बोल्ट काढून बाहेर घेता येतात. मग गालिचा उचलला की खालचं फेल्ट हाताला लागतं. वरून गालिचा कोरडा असताना हे फेल्ट ओलं निघणं, हा जुन्या गाडीचा नेहमीचा आजार आहे. पाणी कुठून आलं हे शोधायला काचेखालच्या जाळीपाशी जावं लागतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे वर्षानुवर्षांचा पाला कुजून बसतो, पाणी जायची वाट बुजते आणि ते ब्लोअरमधून पायापाशी उतरतं. दारांचंही तेच. काचेच्या रबरातून दारात थोडं पाणी जाणारच, म्हणून कंपनीने दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बंद झाली की दार आतून भरतं आणि खालची कड पोखरली जाते. डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, चाकांवरच्या कमानींची आतली घडी, जॅक लावायची जागा, या सगळ्या ठिकाणी माती ओल धरून ठेवते. त्यात आपली भौगोलिक जागा अशी की शहरात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गगनबावड्याकडे त्याच्या कित्येक पटींनी जास्त, आणि घाट उतरलं की मालवण, गणपतीपुळ्याची खारी हवा. वाळूत गाडी घालून आलेल्या घराने तर कमानी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय गाडी झाकूच नये. मीठ आणि ओल एकत्र आली की गंजाचा वेग फार वाढतो.

यावर पहिला आक्षेप सरळ असतो : वॉशिंग सेंटरला थोडक्या पैशांत हे होतं, मग घरी राबायचं कशाला? वॉशिंग सेंटरला मी कमी लेखत नाही. पण तिथे गाडीला मिळणारा वेळ ठरलेला असतो आणि गालिच्याखालचा पत्रा बघणं त्या पैशांत बसत नाही. शिवाय जोराच्या फवाऱ्याने बॉनेटखालचे कनेक्टर, डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर भिजले की एक काम करताना दुसरं निघतं. घरी बॅटरीची तार सोडवून, मऊ ब्रश, थोडं पाणी आणि फडक्याने हे काम हळू करता येतं. एका बाबतीत मात्र मी वॉशिंग सेंटरच्याच बाजूचा आहे. बुडाखालचं तेल आणि ग्रीस घरी धुऊ नये. अंगणातून गटारात गेलेलं पाणी अखेर जयंती नाल्यासारख्या नाल्यांनी पंचगंगेलाच मिळतं. ते काम तेल अडवायची सोय असलेल्या ठिकाणी द्यावं. घरी माती आधी कोरडीच खरवडावी आणि पाणी बादलीने वापरावं. पाइप सोडून देण्याइतकं पाणी या कामाला लागतही नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो जास्त वजनदार आहे. घरचा माणूस उत्साहात गाडीचं नुकसान करतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. कपड्यांच्या पावडरने गाडी धुतली की वॅक्स निघून जातं. रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा जरा जास्त. दर वर्षी कंपाउंड घासलं तर कडांवरचा रंग उडून प्रायमर दिसायला लागतो. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गंजावरून थेट काळं अंडरकोटिंग मारणं. त्याने गंज थांबत नाही, नजरेआड होतो आणि आत निवांत वाढतो. पण यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की घरच्या माणसाने साफ करावं, बघावं आणि थांबावं. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, फॉस्फोरिक आम्ल असलेलं रस्ट कन्व्हर्टर आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर लावणं कोणालाही जमतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवल्यावर पत्रा दबला तर तो डेंटरचा विषय. सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा असतो, लांबी भरून दडवायचा नसतो. हा फरक समोर दाखवता आला तर उद्यमनगरातल्या मिस्त्रींशी बोलणंही वेगळं होतं. गिऱ्हाईक नेमकी जागा दाखवून काम सांगतं, अंदाजाने सगळी गाडी सोपवत नाही.

वेळेबद्दलही माझं मत आहे. दसऱ्याच्या सुमारास गाडी उघडावी ती फक्त बघायला, कारण पाणी कुठून शिरलं याच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. रंगाचं आणि पत्र्याचं काम मात्र उन्हाळ्यापर्यंत ठेवावं. मार्च-एप्रिलच्या उन्हात फेल्ट खडखडीत वाळतं आणि घड्यांमधली ओल निघून जाते. ओल्या पत्र्यावर मारलेलं प्रायमर सुटतं. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीला मात्र ऊन येईपर्यंत थांबता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं. अशा गाडीत चावी फिरवणं हाच सर्वात महाग उद्योग. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे आधी फोटो, विमा कंपनीला कळवणं, मग गाळ ओला असतानाच तो काढणं.

उरतो तो मूळ प्रश्न : एवढं करून जुनी गाडी ठेवायचीच कशाला? स्क्रॅप धोरण २०२१ मध्ये आलं. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, पर्यावरण कर वेगळा. सुरक्षेचा मुद्दा याहून मोठा आहे. चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाही. पॉलिशने ही उणीव भरत नाही. म्हणून रोज पुणे-बंगळूर महामार्गावर धावायचं असेल तर माझं मत नव्या गाडीच्या बाजूने पडेल. पण मंडई, शाळा, दवाखाना आणि रविवारी जोतिबा एवढंच जिचं चालणं आहे, जिचा पीयूसी स्वच्छ येतो, ती मोडीत काढून नवी घेण्याने पर्यावरणाचं भलं होतं असं सरसकट म्हणता येत नाही. नवी गाडी बनवतानाच काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. अशा गाडीचा निकाल तिच्या वयावर लावू नये. सीट काढून, फेल्ट उचलून तळाच्या पत्र्यावर लावावा. तो भक्कम असेल तर नूतनीकरणाचं शुल्क भरून पासिंग करून घ्यावं. जॅकच्या जागा आणि सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो भागच सडलेला असेल, तर कितीही आठवणी जोडलेल्या असोत, गाडी सोडावी.