सेकंडहँड... पण कुणाच्या हातची?

आमच्या घरात मोठ्या गाडीचा विषय निघाला तो प्रॅममुळे.

झालं असं, की आमची छोटी हॅचबॅक लग्नाच्या वेळी घेतलेली. दोघं जण, दोन सॅक आणि वडापावचं पार्सल, एवढ्यासाठी एकदम परफेक्ट! मग लेक झाली. आठ महिन्यांच्या या बाईसाहेबांना गणपतीत चिपळूणच्या घरी न्यायचं म्हणजे कार सीट, प्रॅम, दुपट्यांची बॅग, थर्मास आणि सोबत आई-बाबा. डिकी भरली आणि प्रॅम उरली. ती पुणे ते चिपळूण बाबांच्या मांडीवर होती. बाबांची दोन वर्षांपूर्वी बायपास झालीय. ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. पाटणला चहाला थांबलो, तर त्यांना गुडघाच सरळ करता येईना. तिथेच ठरलं, आता मोठी गाडी.

नव्या एसयूव्हीचं कोटेशन आणलं. ऑन-रोड सतरा लाख. तीन लाख भरून बाकीचं सात वर्षांचं लोन काढलं तरी महिन्याला बावीस हजारांच्या वर हप्ता. घराचा हप्ता आधीच चालू. त्यात बायको एक वर्ष बिनपगारी सुट्टीवर. लेकीचं पहिलं वर्ष तिने घरी काढायचं, हे आम्ही दोघांनी कधीचं ठरवलेलं. नवी गाडी घ्यायची तर तिला पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करावं लागणार, हे सरळ गणित होतं.

"मला काही प्रॉब्लेम नाही," ती म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली की या वाक्याचा अर्थ कळतो.

म्हणून सेकंडहँड. बजेट सहा लाख, लोन नाही.

बाबांचं मत ठरलेलं. "दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायचं." तरी मी शोधायला लागलो आणि एका रविवारी मला 'ती' सापडली. पांढरीशुभ्र, डिझेल, २०१८ची, अडुसष्ट हजार किलोमीटर, सिंगल ओनर. पाच माणसं आरामात आणि डिकी एवढी, की प्रॅमच काय, पाळणाही मावेल. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. मालक सांगत होते सहा लाख दहा हजार. मी मनातल्या मनात हार-पेढ्यांची ऑर्डर देऊनही मोकळा झालो.

सोमवारी लंच टेबलवर फोटो दाखवला. टीममधल्या एकाने लगेच मिठी मारली. दुसऱ्याने पोळीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "या इंजिनाचा टायमिंग बेल्टचा लोचा माहितीय ना?"

मला माहिती नव्हता. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो आणि माहिती झाला!

आधी थोडक्यात सांगतो, कारण हे मलाही तेव्हाच कळलं. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट. खालचा पिस्टन वर-खाली करतो, वरचा व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. दोघांचा ताल जमला पाहिजे, आणि तो जमवतो एक तर दात्यांचा रबरी पट्टा किंवा स्टीलची चेन. पहिल्या पिढीच्या डस्टर डिझेलला पट्टा, तर ब्रेझा डिझेलमधल्या फियाटच्या १.३ मल्टिजेटला चेन. चेन सैल झाली की सकाळी थंड इंजिनावर खडखडते, म्हणजे निदान भांडण करून सांगते तरी. पट्टा मात्र बऱ्याचदा काहीच न बोलता तुटतो. आणि बहुतेक डिझेल इंजिनांत पट्टा तुटला, की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो.

आता यात पट्ट्याचा दोष नाही. पट्टा ही बदलायचीच वस्तू आहे. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, जे आधी होईल ते. भानगड अशी, की 'माझ्या' गाडीच्या इंजिनात पट्ट्याचा टेन्शनर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच दगा देतो, अशी बऱ्याच मालकांची तक्रार होती.

पुढचे चार दिवस ऑफिसात दोन पक्ष पडले. पहिला पक्ष, "काही होत नाही रे, माझ्या मामाची दीड लाख चाललीय." दुसरा पक्ष, "हातसुद्धा लावू नकोस." मी आपला सवयीने एक्सेल उघडून बसलो. पण कॉलममध्ये भरणार काय? ज्यांचं इंजिन गेलं ते दहा ठिकाणी लिहितात. ज्यांचं नाही गेलं ते लिहितात का, की आजही माझा पट्टा तुटला नाही? एकूण किती गाड्यांपैकी किती बिघडल्या, हा आकडाच हातात नव्हता.

तरी समजा धरलं, दहात एकाची शक्यता आणि दोन लाखांचा खर्च. सरासरी वीस हजार. बरं वाटलं. मग लक्षात आलं, की सरासरी माझ्या वाट्याला येणारच नाही. माझ्या वाट्याला एक तर शून्य येणार, नाही तर पूर्ण दोन लाख. आणि तेही कुठे, तर कुंभार्ली घाटात, रात्री, मागे लेक झोपलेली असताना. इंजिन बंद पडलं की हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होतं. ब्रेकलाही बूस्टरची मदत फार तर दोन-तीन वेळा दाबण्यापुरती उरते, मग पेडल दगडासारखं. हा कॉलम एक्सेलमध्ये कसा भरायचा, सांगा!

मग वाटलं, ज्याच्याबद्दल काहीच वाईट वाचलेलं नाही असं एखादं इंजिन शोधावं. इथे मला अमेरिकेतली एक केस वाचायला मिळाली. तिथे विकलेल्या ह्युंदाई-कियाच्या 'थीटा टू' पेट्रोल इंजिनांत, कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवताना राहिलेला धातूचा कीस तेलाची वाट अडवायचा आणि बेअरिंग जाऊन इंजिन जॅम व्हायचं. २०१५ मध्ये साधारण पावणेपाच लाख सोनाटा परत बोलावल्या. २०१७ मध्ये आणखी जवळजवळ बारा लाख गाड्या, त्यात सँटा फे स्पोर्ट, सोरेंटो, स्पोर्टेज या फॅमिली एसयूव्ही. २०१९ मध्ये कंपन्यांनी तडजोडीत या इंजिनांना आयुष्यभराची वॉरंटी देऊ केली.

गंमत बघा. हा दोष जाहीर झाला, म्हणून त्याला मालक मिळाला. पुढे जुनी गाडी घेणारा चेसिस नंबर टाकून बघू शकतो, की हिचा रिकॉल निघाला होता का आणि काम झालं का. ज्या इंजिनाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, तिथे तो काय बघणार? म्हणजे माहीत असलेला दोष तेवढा वाईट नाही. तो आपल्याला नीट प्रश्न विचारायला शिकवतो. आपल्याकडेही कंपन्यांच्या साइटवर चेसिस नंबरवरून रिकॉल तपासता येतो. मी तपासला. काही नव्हता. म्हणजे टेन्शनरचं जे काही होईल ते माझं मलाच बघायचं होतं.

एक्सेल बंद केलं आणि कागदावर तीन प्रश्न लिहिले. हा दोष आधी सूचना देतो का? वेळेत काम केलं तर टळतो का? आणि ते काम झालंय, याचा पुरावा कुणाकडे आहे? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं बहुतेक हो. पट्टा, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असा पूर्ण सेट बदलला की निर्धास्त. आमचे गॅरेजवाले काका म्हणाले, मजुरीसकट पंचवीस हजार.

उरला तिसरा. शनिवारी सकाळी सातला काकांना घेऊन 'ती'ला बघायला गेलो. इतक्या लवकर का, तर इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं म्हणून. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बॉनेट गरम! मालक हसून म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली." सर्व्हिस बुक पहिली तीन वर्षं व्यवस्थित, पुढे कोरं. "नंतर बाहेर करायचो, विश्वासातल्या माणसाकडे." बेल्ट? "बदललाय ना!" बिल? "असेल कुठे तरी."

परत येताना काका एवढंच म्हणाले, "बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं."

दुसरी गाडी साताऱ्याला मिळाली. तेच मॉडेल, तेच इंजिन. २०१७ची, एक लाख बारा हजार किलोमीटर. रंग मातकट, डाव्या दारावर ओरखडा, मागच्या सीटवर नातवाने काढलेलं स्केचपेनचं चित्र. मालक रिटायर्ड बँक ऑफिसर. यावेळी बाबा म्हणाले, "मी येतो."

साताऱ्याच्या काकांनी चहाबरोबर एक फाइल पुढे ठेवली. आता आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. यांच्याकडे १९८७ सालापासूनची लाइटबिलं आहेत. आम्ही भावंडांनी त्यावरून त्यांची आयुष्यभर चेष्टा केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. अर्धा तास! मला ओशाळल्यासारखं झालं. शेवटी एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "इथे चौदा महिने ऑइल बदललेलं दिसत नाही."

"लॉकडाऊन, साहेब," समोरून उत्तर आलं. "मार्च २०२०. गाडी दारातच उभी होती. पुढच्या बिलावरचं किलोमीटर बघा." बाबांनी बघितलं. चौदा महिन्यांत जेमतेम अकराशे. दोघंही एकदम हसले. एका फायलीवर दोन अनोळखी माणसांची अशी दोस्ती होताना मी पहिल्यांदाच बघितली.

बेल्टचं बिलही होतं. ऑगस्ट २०२१, ऐंशी हजार किलोमीटर, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट, पार्ट नंबर लिहिलेले. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं. काकांनी ऑइलचं झाकण उघडून बघितलं, सील कुठे गळतायत का ते बघितलं, कारण गळणारं तेल पट्ट्यावर पडलं की पट्टा खराब होतो. मग दोघांनी वीस किलोमीटर फेरी मारली. पाच लाख तीस हजारांना ठरलं. एनओसी, फॉर्म २९, फॉर्म ३०, सगळं बाबांनी स्वतः तपासलं.

एक चूक मात्र करणार होतो. बेल्टला बत्तीस हजार किलोमीटरच झालेत, अजून चालेल, असं म्हणून पंचवीस हजार वाचवायचा मोह झाला होता. बाबा म्हणाले, "किलोमीटर कमी झाले, पण वर्षं झालीच ना?" रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. सेट बदलला. वर पंचेचाळीस हजारांची एफडी केली, तिचं नाव 'इंजिन'. काहीच झालं नाही, तर दोन वर्षांनी त्याच पैशात मुंबई-गोवा!

हिशोब करा, पाच तीस, पंचवीस आणि पंचेचाळीस. बरोबर सहा लाख. बायकोचं वर्ष शाबूत.

काढलेला पट्टा काकांनी हातात दिला. मी उलटसुलट करून बघितला, दाता न् दाता शाबूत. कुठे तडा नाही, चीर नाही. अजून वर्षभर चालला असता. किंवा कुंभार्लीत तुटलाही असता. हे आता कधीच कळणार नाही, आणि खरं सांगू, त्याच न कळण्यासाठी पंचवीस हजार मोजले होते.

दिवाळीला चिपळूणला गेलो. प्रॅम डिकीत, आई, बायको आणि लेक मागे, बाबा पुढे पाय लांब करून. घाट चढताना मी जरा जास्तच कान देऊन इंजिन ऐकत होतो. बाबा मात्र चक्क झोपले होते! पोफळीला उतरल्यावर जागे झाले, ग्लोव्ह बॉक्समधली फाइल काढली आणि विचारलं, "सकाळी डिझेल भरलंस ना? बिल कुठाय?"

पूर्वी मी हसलो असतो. यावेळी खिशातून काढून दिलं.

जुना पट्टा? बाबांनी त्याने गॅलरीत पेपरच्या रद्दीचा गठ्ठा बांधलाय. म्हणतात, अजून मजबूत आहे.