कपाटातील शिल्लक

दरवर्षी ३१ मार्चच्या रात्री वालचंदनगरच्या बाजारपेठेतील एका किराणा-भुसार दुकानात मालाची मोजदाद होते. सासरे पोती, डबे आणि खोकी दाखवीत आकडा सांगतात, मुलगा तो पडताळून पाहतो आणि थोरली सून वहीत लिहून घेते. वर्षभरात जो माल हलला नाही त्याच्यापुढे लाल शाईची खूण होते. त्या मालात गुंतलेला पैसा दिसायला दुकानातच असतो, परंतु वापरायला नसतो, हे त्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. कपाटाची मात्र अशी मोजदाद त्या घरात कधी झाली नव्हती. ती या सुनेने केली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, श्रावणातील एका दुपारी.

निमित्त साधे होते. पावसाळ्याची ओल लागू नये म्हणून साड्या बाहेर काढून त्यांच्या घड्या बदलायच्या होत्या. पलंगावर ढीग होऊ लागला, तेव्हा तिने सवयीने वही घेतली. साड्या ७१, त्यांपैकी रेशमी १९. पंजाबी ड्रेस २४. गेल्या वर्षभरात अंगावर आलेल्या साड्या १४. आणि अंगाला बसतील असे ब्लाऊज अवघे ९. बाकीच्या साड्या नेसता येण्याजोग्या होत्या, परंतु त्यांचे ब्लाऊज बावीस वर्षांच्या नवरीच्या मापाचे होते. दोन बाळंतपणे झाली, खांदे रुंदावले, कंबर बदलली. कपाट मात्र लग्नाच्या दिवशी जिथे होते तिथेच थांबले होते. कपडे बसत नाहीत याचा दोष तिने आजवर स्वतःच्या देहाला दिला होता. वहीतील आकडे पाहिल्यावर तो दोष मापाच्या टेपेकडे गेला.

बदल केवळ देहातच झाला होता असे नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दुकानाचे हिशेब संगणकावर आले. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली ही सून तेव्हापासून दुपारी गल्ल्यावर बसू लागली. लासुर्णे आणि कळंबकडची गिऱ्हाइके तिला नावानिशी ओळखू लागली. वरच्या फळीवरचा डबा काढायला शिडीवर चढावे लागे, तेव्हा पदर सावरता सावरता जीव मेटाकुटीस येई. एकदा पदर गल्ल्याच्या खणात अडकून टरकला. तरीही दुकानात साडीच नेसायची, हा नियम कोणी घालून दिलेला नसतानाही पाळला जात होता. तिची दिनचर्या बदलून कित्येक वर्षे लोटली होती, आणि वस्त्रांना त्याची वार्ताच नव्हती.

वालचंदनगर हे गावच मुळी बदलातून उभे राहिले आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या शिवारात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस फुलवला आणि साखर कारखाना उभा केला. त्यामागून यंत्रनिर्मिती आली. येथे घडलेली अवजड कवचे पुढे इस्रोच्या अग्निबाणांना लागली. कारखान्याच्या वसाहतीत नाना प्रांतांची कुटुंबे आली आणि त्यांच्याबरोबर साडी नेसण्याच्या नाना तऱ्हाही आल्या. व्यापारी घरांतील आज्या नऊवारीत राहिल्या, सुना सहावारीत आल्या, नाती कुर्त्यात वावरू लागल्या. या प्रत्येक बदलाच्या वेळी घरात थोडी कुरबुर झाली आणि पुढच्या पिढीत ती कोणाच्या स्मरणातही उरली नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले. मंदिरात सायंकाळी रत्नकरंड श्रावकाचाराचा स्वाध्याय चाले. आचार्य समंतभद्रांनी तेथे भोग आणि उपभोग यांतील भेद सांगितला आहे: जे एकदा वापरून संपते तो भोग, जे पुनःपुन्हा वापरता येते तो उपभोग. भोगाचे उदाहरण अन्नाचे, उपभोगाचे वस्त्राचे. हे विवेचन तिने लहानपणापासून ऐकले होते. परंतु त्या सायंकाळी तिच्यासमोर वही होती. भाचीच्या बारशाला एकदाच नेसलेली, छायाचित्रांत आली म्हणून पुन्हा न नेसलेली साडी कोणत्या सदरात घालायची? आचार्यांच्या काळी वस्त्र हे निःसंशय उपभोगात होते. आजच्या लग्नसराईने त्याचा भोग करून टाकला आहे. एकदा ताटात आले, खाल्ले, संपले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या मर्यादेतील अतिचार सांगताना शेत, घर, सोने, धान्य यांच्या शेवटी ‘कुप्य’ हा शब्द येतो आणि सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ देताना सुती व रेशमी वस्त्रे स्पष्टपणे मोजली आहेत. सोन्याची मर्यादा घेणारे श्रावक पुष्कळ भेटतात. साड्यांची मर्यादा घेतल्याचे क्वचितच ऐकू येते.

रेशमाचा प्रश्न मात्र स्वाध्यायातून आला नाही, तो मुलीच्या शाळेतून आला. कोषातील किडा पतंग होऊन बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात. अखंड राहिलेला एका कोषाचा धागा शेकडो मीटर भरतो. एक किलो कच्च्या रेशमाला पाच-सहा हजार कोष लागतात. मुलीने हे सारे जेवताना सांगितले आणि विचारले, “आई, आपण कांदा-बटाटा खात नाही, पाणी गाळून पितो. मग तुझ्या कपाटातल्या साड्यांचं काय?” त्या वेळी कोणीच उत्तर दिले नाही. सासऱ्यांनी भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली.

रेशमाला पर्याय नाहीत असे नाही. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या रिकाम्या कोषांपासून सूत काढण्याची पद्धत रूढ केली आणि त्या वस्त्राला अहिंसा रेशीम हे नाव मिळाले. त्याचा धागा तुटक, म्हणून तकाकी कमी आणि किंमत अधिक. परंतु तिच्यापुढचा पेच नव्या खरेदीचा नव्हता. कपाटात येवल्याची पैठणी होती. तिच्या आईने दोन वर्षे पैसे साठवून ती घेतली होती. ते देणे हिंसेचे होते असे आज म्हणायचे, तर आईच्या हातालाच बोल लावल्यासारखे होत होते.

तिने आजन्म त्याग केला नाही. समंतभद्रांनी मर्यादेचे दोन प्रकार सांगितले आहेत: जन्मभराची ती यम, ठरावीक काळाची तो नियम, आणि नियमाची मुदत एक दिवस, पक्ष, महिना, ऋतू किंवा अयन अशी घेता येते. व्यवहार जाणणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटावी. न झेपणारे कर्ज उचलण्यापेक्षा फेडता येईल अशी मुदत ठरवलेली बरी. अनंत चतुर्दशीला तिने एका अयनापुरता, म्हणजे सहा महिन्यांचा, रेशीम न नेसण्याचा नियम घेतला.

आणि मार्गशीर्षात चुलत पुतणीचे अकलूजला लग्न ठरले.

येथे गोष्ट अवघड झाली. आदल्याच वर्षी दोघा भावांची वाटणी होऊन दुकान निम्मे झाले होते. उधारीवर माल देणारे बारामतीचे काही घाऊक व्यापारी रोखीची भाषा करू लागले होते. व्यापारी घरात सुनेची साडी ही केवळ साडी नसते. लग्नाच्या मांडवात ती पेढीची पत म्हणून वाचली जाते. (कोणतीही बँक कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना मालाचे विवरणपत्र आणि येणी पाहते, पैठणी पाहत नाही, परंतु बाजार बँकेच्या नियमांनी चालत नाही.) पती रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “सगळे व्यापारी तिथं असतील. एक दिवसाचा प्रश्न आहे.” ते म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच ते जड गेले.

सासूबाईंकडून विरोध होईल अशी तिची अपेक्षा होती. आरंभ तसाच झाला. “लोक म्हणतील, यांचं दुकान बसलं,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. त्यांची मावशी तरुणपणीच विधवा झाली होती. तिचे रंगीत लुगडे कोणी, केव्हा काढून घेतले, हे मावशीने अखेरपर्यंत सांगितले नाही. पुढे ती सोलापूरला श्राविकाश्रमात शिकली आणि शिक्षिका झाली. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई स्वतः अकाली वैधव्य आलेल्या. त्यांनी मुंबईच्या श्राविकाश्रमासाठी आयुष्य वेचले, आणि सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहा यांनी तेच काम वाढवले. अशा संस्थांतून शेकडो स्त्रिया पांढऱ्या सुती साडीत ताठ मानेने उभ्या राहिल्या. परंतु त्यांतील कितीतरी जणींच्या अंगावर तो पांढरा रंग प्रथम आला तो दुसऱ्यांच्या हुकमाने.

“मावशीला कुणी विचारलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “तू तुझ्या मनानं सोडतेयस. मग मी मोडता घालायचा नाही. पण अगं, गबाळी जाऊ नकोस.”

हे शेवटचे वाक्य अधिक उपयोगी ठरले. साधेपणा आणि गबाळेपणा यांत गल्लत करण्याची सवय आपल्या समाजात जुनी आहे. व्रत घेतले की चुरगळलेली साडी नेसायचीच, असा जणू संकेत आहे. तिने एकच नवी साडी घेतली, सुती, डाळिंबी रंगाची, रुंद काठाची. बाकीचा खर्च शिलाईवर केला. जंक्शनच्या शिंपीणबाईंनी पुन्हा माप घेतले, ११ जुने ब्लाऊज उसवून सैल केले, पाच नव्याने शिवले. दुकानासाठी जाड सुताचे चार कुर्ते झाले आणि प्रत्येकाला उजवीकडे खिसा ठेवला; किल्ल्या कमरेला खोचण्याचे दिवस संपले. लाखेच्या बांगड्या तिने काढून ठेवल्या, कारण लाखही किड्यांचीच. आरसा पाहताना तिला जाणवले, की फिकट गुलाबी आणि मोतिया हे लग्नातल्या रुखवताचे रंग तिला कधीच खुलून दिसले नव्हते.

अकलूजच्या मांडवात काय झाले? विशेष काही नाही. दोघी-तिघींनी साडी कुठली म्हणून विचारले. एका जवळच्या बाईंनी “पैठणी नाही नेसलीस?” असे विचारून उत्तराची वाटही पाहिली नाही. बारामतीच्या एका घाऊक व्यापाऱ्याने पतीशी साखरेच्या भावाविषयी बोलणे काढले. उधारी मात्र त्या हंगामात पूर्वीसारखी झाली नाही. ती साडीमुळे थांबली नव्हती आणि साडीने परतलीही नसती.

वापरात नसलेल्या ३० सुती व मिश्र धाग्यांच्या साड्या माघात घराबाहेर गेल्या. काही दुकानात कामाला येणाऱ्या बायकांनी आवडीने निवडून घेतल्या, काहींची मऊ पांघरुणे शिवली गेली. देण्यापूर्वी प्रत्येक साडी धुऊन इस्त्री करण्याचा सासूबाईंचा आग्रह होता. रेशमी साड्यांचे काय करावे, याचा निर्णय झाला नाही. त्या दिल्या तर ती वस्तू दुसऱ्याच्या अंगावर जाते एवढेच. विकल्या तर त्याचा पैसा घरात येतो. आणि ठेवल्या तर परिग्रह राहतो.

फाल्गुन शुद्ध चतुर्दशीला मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मंदिरातून आल्यावर तिने पुढच्या अयनापुरता नियम पुन्हा घेतल्याचे सासूबाईंना सांगितले. दुपारी पैठणी बाहेर काढली, जर मोडू नये म्हणून घडी उलटी केली आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळली. मुलगी दारात उभी होती. स्नेहसंमेलनात नाच आहे, ती पैठणी नेसायला मिळेल का, असे तिने विचारले. आईने तिच्याकडे पाहिले, मग गाठोड्याकडे पाहिले, आणि तिलाच जवळ बोलावून गाठोड्याची गाठ मारताना एक टोक धरायला सांगितले.